विश्लेषण : जुने गोवे पाऊण तासात ‘उरकते’ का? एका दिवसाच्या सहलीत काय दिसते, काय निसटते?

गोव्याला गेलेल्या बहुतेक मराठी कुटुंबांच्या मोबाइलमध्ये एक फोटो हमखास सापडतो. लालसर जांभ्या दगडाची भव्य भिंत, समोर हिरवळ आणि ओळीने उभे राहिलेले आठ-दहा जण. हा फोटो जुन्या गोव्यातील बॅसिलिका ऑफ बॉम जीझसचा. मात्र आत काय पाहिले, असे विचारले की उत्तर बहुधा एका वाक्यात संपते : ‘ती ममी आहे ना, ते चर्च.’

तिथे ममी नाही. ते नुसते ‘बघायचे चर्च’ही नाही. जगभरातील कॅथलिक भाविकांसाठी ते तीर्थस्थळ आहे आणि गोव्याच्या, पर्यायाने मराठी मुलखाच्या इतिहासातील एक कळीची जागा आहे. ‘साउथ गोवा साइटसीइंग’च्या बसमधून तिथे रोज हजारो पावले पडतात, पण बस थांबते ती जेमतेम अर्धा-पाऊण तास. एवढ्या वेळात तीर्थस्थळ पाहून होते का? आणि होत नसेल, तर सहलीत काय बदलायला हवे?

एका दिवसाची सहल चालते कशी?

पणजी, कळंगुट किंवा मडगावहून सकाळी बस निघते. यादी साधारण ठरलेली असते : जुन्या गोव्यातील चर्च, मंगेशी, शांतादुर्गा, एखादा समुद्रकिनारा, दोना पावला आणि संध्याकाळी मांडवीतील बोट. ज्येष्ठ नागरिक, लहान मुले असलेली कुटुंबे आणि बेताचे बजेट असलेले पर्यटक यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे. टॅक्सीचे भाडे परवडत नाही आणि भाड्याची दुचाकी प्रत्येकाला चालवता येत नाही. त्यामुळे अशा सहलींना नाके मुरडण्यात अर्थ नाही.

अडचण गणिताची आहे. चाळीस-पन्नास जणांची बस धरली, तर उतरून एकत्र जमायला दहा मिनिटे जातात. स्वच्छतागृह, पाण्याची बाटली आणि टोपी खरेदीला आणखी दहा. पुन्हा बसमध्ये चढून माणसे मोजायला दहा. पंचेचाळीस मिनिटांतून ही तीस वजा केली की उरतात पंधरा. एवढ्यात बॅसिलिकाच्या एका दाराने शिरून दुसऱ्या दाराने बाहेर पडता येते, इतकेच. रस्त्यापलीकडचे सी कॅथेड्रल बसच्या खिडकीतून ‘कव्हर’ होते.

बॅसिलिकात नेमके काय आहे?

बॉम जीझस म्हणजे शब्दशः ‘चांगला येशू’. या चर्चचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये ते उपासनेसाठी खुले झाले. १९४६ मध्ये पोपनी त्याला ‘मायनर बॅसिलिका’चा दर्जा दिला. गोव्यातील चर्च आणि कॉन्व्हेंटचा समूह १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

आत उजव्या बाजूच्या कपेलात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष चांदीच्या पेटीत ठेवले आहेत. स्पेनच्या नवार प्रांतात १५०६ मध्ये जन्मलेले झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. रुग्णालयातील आजारी, तुरुंगातील कैदी आणि कुष्ठरोगी यांच्यात त्यांनी काम केले. हातात घंटा घेऊन रस्त्यांवरून मुलांना गोळा करत ते धर्मशिक्षण द्यायचे. पुढे ते दक्षिण भारताचा किनारा, मलाक्का, मोलुकू बेटे आणि जपानपर्यंत गेले. चीनच्या दारात, शांगचुआन बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजी त्यांचे निधन झाले. तिथे चुना घालून पुरलेला देह काही महिन्यांनी बाहेर काढला तेव्हा तो कुजला नव्हता, अशी श्रद्धा आहे. मलाक्कामार्गे १५५४ मध्ये तो गोव्यात आणला गेला. १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळाले.

‘ममी’ हा शब्द इथे चुकतो. मसाले आणि लेप लावून देह टिकवण्याची इजिप्तसारखी प्रक्रिया इथे झालेली नाही. काळाच्या ओघात देह सुकला आहे आणि त्याचे काही भाग वेगवेगळ्या ठिकाणी गेले आहेत. उजव्या हाताचा कोपराखालचा भाग १६१४ मध्ये रोमला नेण्यात आला, तो तिथल्या जेझू चर्चमध्ये आहे.

पेटीही पाहण्यासारखी आहे. गोव्याच्या सोनारांनी सतराव्या शतकात घडवलेले हे काम म्हणजे स्थानिक कारागिरी आणि युरोपीय विषय यांचा संगम. खालचा संगमरवरी चौथरा मात्र इटलीचा. टस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोसिमो मेदिची यांची ही भेट. फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बातिस्ता फॉज्जिनी याने तो घडवला आणि १६९८ मध्ये तो इथे बसवला गेला. चौथरा उंच असल्याने एरवी खालून देह नीट दिसत नाही. ‘काहीच दिसले नाही’ म्हणत परतणाऱ्यांना हे आधी कोणी सांगितलेलेच नसते.

देह जवळून पाहता येतो तो साधारण दहा वर्षांनी होणाऱ्या शवप्रदर्शन सोहळ्यात. मागचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला. तेव्हा पेटी बॅसिलिकातून सी कॅथेड्रलमध्ये नेण्यात आली होती. या प्रथेची सुरुवातही रंजक आहे. पोर्तुगालने १७५९ मध्ये जेझुइटांना आपल्या मुलखातून हाकलले. जाताना त्यांनी मूळ देह बदलला, अशी अफवा उठली. ती खोडून काढण्यासाठी १७८२ मध्ये देह पहिल्यांदा लोकांसमोर ठेवण्यात आला.

पर्यटनस्थळ की तीर्थस्थळ?

दोन्ही. पण क्रम महत्त्वाचा आहे. बॅसिलिकात आजही रोज कोकणीतून मिस्सा होते. २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना चालतो आणि ३ डिसेंबरला फेस्त असते. त्या दिवसांत सावंतवाडी, बेळगाव, कारवार भागांतून भाविक पायी येतात. पंढरीची वाट चालणाऱ्या महाराष्ट्राला या पायपिटीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागू नये. गोव्यात झेवियर यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात आणि त्यांच्यापुढे मेणबत्ती लावणाऱ्यांत हिंदूही असतात.

विठ्ठलाच्या गाभाऱ्यात कोणी चप्पल घालून, मोठमोठ्याने बोलत, मूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढू लागला तर काय वाटेल? बॅसिलिकात गुडघे टेकून बसलेल्या आजीसमोर नेमके हेच घडत असते. यामागे बहुतेकदा द्वेष नसतो, माहितीचा अभाव असतो. ‘इथे प्रार्थना चालू असते’ एवढे एक वाक्य बसमध्ये कोणी बोललेले नसते. गाइडने ‘पुढचा पॉइंट चर्च’ असे सांगितले की माणूस ‘पॉइंट’वर वागतो तसाच वागतो.

गाइड काय सांगत नाहीत?

सहलीतील सर्वांत मोठी गंमत बसच्या मार्गातच दडलेली आहे. बॅसिलिकाहून निघालेली बस अर्ध्या तासाच्या आत मंगेशीला पोहोचते. ‘आता चर्च झाले, पुढे मंदिर’ एवढीच ओळख करून दिली जाते. या दोन थांब्यांना जोडणारा धागा मात्र कोणी उलगडत नाही.

मंगेशाचे मूळ देऊळ झुआरीच्या दक्षिण काठावर, कुशस्थळी म्हणजे आजच्या कुठ्ठाळीत होते. पोर्तुगीजांच्या मुलखात देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा १५६० मध्ये भाविकांनी देव नदीपलीकडे अंत्रुज महालातील प्रियोळला हलवला. हा भाग तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. शांतादुर्गाही अशीच केळशीहून कवळ्याला आली. ज्या १५६० साली मंगेशाने नदी ओलांडली, त्याच साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायपीठ सुरू झाले. मधला थोडा काळ वगळता ते १८१२ पर्यंत चालले. त्याचा जाच बाटवलेल्या ज्यू-मुस्लिमांना झाला, तसाच नव्याने ख्रिस्ती झालेल्या आणि जुन्या चालीरीती न सोडणाऱ्या गोमंतकीयांनाही झाला.

झेवियर यांचा याच्याशी संबंध काय? १५४६ मध्ये त्यांनी पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन आणण्याची मागणी केली होती. प्रत्यक्षात ते आले त्यांच्या निधनानंतर आठ वर्षांनी. रुग्णांची सेवा करणारा माणूस आणि हे पत्र लिहिणारा माणूस एकच होता. श्रद्धाळू आणि टीकाकार, दोघांनाही हे अर्धे-अर्धेच सांगितले जाते आणि अर्धवट माहितीवर भांडणे लवकर पेटतात. शवप्रदर्शन सोहळ्याच्या तोंडावर, ऑक्टोबर २०२४ मध्ये, या अवशेषांच्या डीएनए चाचणीच्या मागणीवरून गोव्यात रस्त्यावर निदर्शने झाली होती. पूर्ण इतिहास माहीत असलेला पर्यटक अशा वादात फॉरवर्ड करण्याआधी निदान एकदा थांबेल.

मराठी माणसाचा इथे काय संबंध?

बराच आहे. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजा गोव्याच्या उंबरठ्यावर आल्या. जुव्याचे बेट त्यांनी घेतले, तेव्हा राजधानी हातची जाते की काय, अशी अवस्था झाली. त्या वेळी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यांनी झेवियर यांच्या शवपेटीपाशी जाऊन आपला राजदंड तिथे ठेवला आणि संतांना साकडे घातले, अशी हकिकत पोर्तुगीज इतिहासात येते. पाठीवर मोगलांचे सैन्य आल्याने मराठ्यांना माघारी वळावे लागले. पोर्तुगीजांनी त्याचे श्रेय संतांना दिले. ज्या देहापुढे हे घडले, त्याच देहासमोर आज साताऱ्या-कोल्हापूरचे पर्यटक उभे असतात आणि त्यांना याचा पत्ता नसतो.

दुसरा धागा भाषेचा. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये इथेच, सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला. खरे तर तो अॅबिसिनियाला जायचा होता, पण गोव्यातच राहिला. त्या कॉलेजची आता फक्त एक कमान उरली आहे. पुढे १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्याने ‘ख्रिस्तपुराण’ रचले. पुराणश्रवणाला मुकलेल्या नवख्रिस्ती लोकांसाठी ओवी छंदात सांगितलेली ही बायबलची कथा. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ १६१६ मध्ये साष्टीतील राचोल येथे रोमन लिपीत छापला गेला. एकीकडे देवळे पाडणारी सत्ता आणि दुसरीकडे त्याच काळात मराठीवर जीव लावणारा पाद्री, हा गुंता समजून घेतल्याशिवाय जुने गोवे समजत नाही.

दगडसुद्धा ओळखीचा आहे. बॅसिलिकाच्या भिंती कोकणातल्या घरांसारख्या जांभ्याच्या आहेत, तर दर्शनी भागातील कोरीवकामाचा काळा पाषाण वसईहून आणलेला आहे. मूळ इमारतीला चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात तो काढला गेला आणि जांभा उघडा पडला. आज फोटोत सुंदर दिसणारा हा लाल दगड प्रत्येक पावसाळ्यात थोडा थोडा झिजतो. गिलावा पुन्हा करावा की नाही, यावर अजूनही वाद आहे.

पाऊण तासाऐवजी अर्धा दिवस दिला तर?

साडेतीन तास पुरेसे आहेत. त्याची मांडणी अशी करता येईल :

• बॅसिलिका (एक तास) : सकाळी सर्वांत आधी. बसगाड्यांची गर्दी होण्यापूर्वी शांतता मिळते. आधी पंधरा मिनिटे फक्त बसावे, मग कपेल आणि मागचा अंगणवजा भाग पाहावा.

• सी कॅथेड्रल आणि सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्च (एक तास) : कॅथेड्रल सेंट कॅथरिनच्या नावाने आहे, कारण अल्बुकर्कने १५१० मध्ये आदिलशहाकडून गोवे घेतले ते तिच्या सणाच्या दिवशी, २५ नोव्हेंबरला. त्याचा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला, म्हणून दर्शनी भाग एकांगी दिसतो. उरलेल्या मनोऱ्यात प्रसिद्ध ‘सोन्याची घंटा’ आहे.

• सेंट ऑगस्टिनचे अवशेष (पाऊण तास) : टेकडीवरचा हा अर्धा मनोरा बहुतेक सहली टाळतात. एकेकाळी तो सुमारे ४६ मीटर उंच होता. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बंद केल्यावर मठ ओस पडला, १८४२ मध्ये छत कोसळले आणि १९३१ मध्ये मनोऱ्याचा भाग ढासळला. याच अवशेषांत जॉर्जियाची राणी केतेवान हिची अस्थी सापडली. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेने डीएनए तपासणी केली आणि २०२१ मध्ये भारताने अस्थीचा भाग जॉर्जियाला भेट दिला.

• सेंट कॅजेटन, आदिलशहाचा दरवाजा आणि व्हाइसरॉयची कमान (पाऊण तास) : रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर बांधलेल्या सेंट कॅजेटन चर्चच्या आवारात काळ्या दगडाची एक एकाकी चौकट उभी आहे. आदिलशाही राजवाड्याची इतकीच खूण शिल्लक आहे. पुढे नदीकाठी वास्को द गामाच्या पणतूने उभारलेली कमान.

कमानीपलीकडे फेरीबोटीचा धक्का. समोर दिवाडी बेट. कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ याच बेटावर होते. ते पाडल्यानंतर देव पलीकडच्या काठावरील नार्व्याला गेला आणि तिथे १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धाराचा आदेश दिला. वेळ असेल तर फेरीने दिवाडी आणि पुढच्या फेरीने नार्वे गाठता येते. बॅसिलिका ते सप्तकोटेश्वर हा प्रवास गोव्याचा अख्खा इतिहास पायाखालून नेतो.

जाताना काय लक्षात ठेवावे?

• खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत. समुद्रकिनाऱ्यावरून थेट येणे टाळावे.

• मिस्सा चालू असेल तर मागच्या बाकावर बसावे किंवा बाहेर थांबावे. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत कुतूहलापोटी उभे राहू नये, तो कॅथलिक श्रद्धेतला पवित्र विधी आहे.

• मोबाइल सायलेंट ठेवावा. वेदीसमोर किंवा प्रार्थना करणाऱ्यांचे फोटो काढू नयेत.

• रविवारी सकाळी प्रार्थनांची वेळ असते. निवांत पाहायचे असेल तर आठवड्यातील दुसरा दिवस निवडावा.

• चर्चमध्ये प्रवेशासाठी तिकीट नाही. कोणी मागितल्यास देऊ नये.

• रेल्वेने येणाऱ्यांना कोकण रेल्वेचे करमळी स्थानक सर्वांत जवळ. पणजीहून अंतर सुमारे १० किलोमीटर असून बस मिळते. त्यामुळे सहलीची बस न घेताही जुने गोवे पाहता येते.

मग बदलायला काय हवे?

पहिली जबाबदारी सहल काढणाऱ्यांची. दिवसाला सात-आठ ‘पॉइंट’ देण्याची स्पर्धा थांबवून जुने गोवे, मंगेशी आणि नार्वे एवढीच सहल का असू नये? तीन थांबे, एक सलग गोष्ट. किनारा दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो. मराठी पर्यटकांची संख्या पाहता मराठीतून माहिती देणारा प्रशिक्षित गाइड ही चैन मानता येणार नाही. ‘बाईने संतांच्या पायाचे बोट चावून नेले’ ही कथा सांगून हशा मिळतो, पण १५६० सांगायला अभ्यास लागतो. तो अभ्यास तपासूनच गाइडला बसमध्ये उभे करायला हवे.

यावर नेहमीचा आक्षेप ठरलेला आहे : लोकांना एवढा इतिहास नको असतो, सुटी हवी असते. पण हेच लोक रायगडावर दोन-दोन तास गाइडचे ऐकतात, वेरुळच्या कैलास लेण्यासमोर थबकतात. गोष्ट नीट सांगितली तर मराठी पर्यटक ऐकतो, हा अनुभव नवा नाही. जुन्या गोव्यात त्याला ती ऐकवलीच जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पाडलेल्या देवळांचा आणि इन्क्विझिशनचा विषय काढला तर बसमध्येच कटुता निर्माण होईल. ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. म्हणूनच तो कसा सांगितला जातो, याला महत्त्व आहे. सोळाव्या शतकातील राजसत्तेचा हिशेब आज त्या बाकावर प्रार्थना करणाऱ्या गोमंतकीयाकडून मागायचा नसतो. त्याचे पूर्वजही याच मातीतले आणि त्या जाचात सापडलेलेही तेच. इतकी समज गाइडच्या बोलण्यात असेल, तर तोच इतिहास जोडणारा ठरतो. न सांगितलेला इतिहास मात्र व्हॉट्सअॅपवर कोणी ना कोणी सांगतोच आणि तिथे ही समज नसते.

शेवटची जबाबदारी पर्यटकाची. बुकिंग करताना ‘किती ठिकाणे दाखवणार?’ हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याऐवजी ‘जुन्या गोव्यात किती वेळ थांबणार आणि सोबत माहिती देणारे कोण आहे?’ असे विचारायला सुरुवात झाली, तर सहलीची वेळापत्रके आपोआप बदलतील. पुढचे शवप्रदर्शन २०३४ च्या सुमारास होईल. बॅसिलिका मात्र उद्या सकाळीही उघडी आहे आणि तिच्या बाकांवर पंधरा मिनिटे शांत बसायला कोणाचीच मनाई नाही.